नायक घरी परतला, आता गोष्ट कुणाची?

कहाणी सुफळ संपूर्ण झाली, की ऐकणाऱ्यांनी हातातल्या अक्षता वाहून उठावे, ही आपल्याकडची जुनी रीत. राक्षस मारला गेला, हरवलेले माणूस सापडले, राज्याला वारस मिळाला. यापुढे सांगण्यासारखे काही उरले नाही, असे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही मानून चालतात. व्हिडिओ गेमच्या जगाला मात्र हा समंजसपणा परवडत नाही. तेथे एखादी मालिका लोकांच्या पसंतीस उतरली, की नायकाची गोष्ट संपली तरी मालिका संपवता येत नाही. शेकडो माणसांच्या नोकऱ्या, भागधारकांच्या अपेक्षा आणि कोट्यवधी खेळाडूंची ओढ तिच्यावर अवलंबून असते. मग प्रश्न उभा राहतो, की नायक घरी परतल्यावर पुढची गोष्ट कुणाची सांगायची?

पनवेल स्थानकाबाहेरून करंजाडे वसाहतीकडे निघणाऱ्या रिक्षांत संध्याकाळी जी तरुण मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात, त्यांच्या गप्पांत क्रिकेट आणि परीक्षा यांच्या जोडीला हा प्रश्नही येतो, हे ऐकून वडीलधाऱ्यांना कदाचित नवल वाटेल. पण तो येतो, आणि तावातावाने येतो. त्याला निमित्त झाले ते 'द विचर' या पोलंडमधील मालिकेचे. डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजलिस येथे झालेल्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात या मालिकेच्या चौथ्या भागाची पहिली चित्रफीत दाखवण्यात आली. ज्या पांढऱ्या केसांच्या गेराल्टच्या नावावर आधीचे तीन भाग चालले, तो नायकाच्या जागी नव्हता. त्याची जागा त्याच्या मानसकन्येने, सिरीने, घेतली होती. त्या दिवसापासून खेळाडूंत सरळ दोन तट पडले आहेत. हा वाद पोरकट नाही. गोष्टीवर मालकी कुणाची, सांगणाऱ्याची की जगणाऱ्याची, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

ज्यांना या मालिकेची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. 'विचर' म्हणजे पैसे घेऊन भुतेखेते आणि राक्षस यांचा बंदोबस्त करणारा माणूस. आपल्याकडचा पंचाक्षरी आणि रानातला शिकारी यांना एकत्र केले, तर त्याची साधारण कल्पना येईल. लहान वयातच विषारी वनस्पतींच्या अर्कांचे प्रयोग करून त्याचे शरीर बदललेले असते. त्यातून जगलेली थोडी मुले पुढे विचर होतात. त्यांना अंधारात दिसते, त्यांच्या जखमा लवकर भरतात आणि गावोगावचे लोक त्यांना काम असेल तोवर बोलावतात व काम झाले की हाकलून देतात. गेराल्ट हा असाच एक विचर. आंद्रे सापकोव्स्की या लेखकाने 'फांतास्तिका' या पोलिश मासिकाच्या कथास्पर्धेसाठी त्याची पहिली कथा लिहिली. ती १९८६ च्या डिसेंबरात छापून आली. स्पर्धेत तिला तिसरा क्रमांक मिळाला होता. पहिल्या दोन क्रमांकांच्या कथा आज कोण वाचतो, हा प्रश्न परीक्षकांना विचारण्यात अर्थ नाही.

पुढे कथांचे दोन संग्रह आणि १९९४ ते १९९९ या काळात पाच कादंबऱ्या आल्या. आणि येथेच या विषयातील पहिली गंमत दडलेली आहे. १९९९ च्या शेवटच्या कादंबरीत सापकोव्स्कीने गेराल्टची गोष्ट संपवून टाकली. राक्षसांशी आयुष्यभर लढलेला हा माणूस एका शहरातील दंगलीत, एका सामान्य तरुणाच्या हातच्या दाताळ्याने भोसकला जातो. सिरी त्याला आणि त्याच्या प्रेयसीला नावेतून धुक्याआडच्या बेटावर घेऊन जाते. तो मेला की वाचला, हे लेखकाने मुद्दामच धूसर ठेवले. पण कथा बंद झाली होती, यात शंका नाही.

वॉर्सातील 'सीडी प्रोजेक्ट' या कंपनीचा पहिला 'विचर' खेळ त्यानंतर आठ वर्षांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, बाजारात आला. म्हणजे ज्या नायकाच्या निवृत्तीवरून आज एवढा गदारोळ होतो आहे, तो खेळाच्या पहिल्याच दृश्यात निवृत्तीनंतर परतलेला होता! बेटावर गेलेल्या गेराल्टला परत आणायचे कसे, यासाठी कंपनीने कथाकथनातली सर्वांत जुनी युक्ती वापरली. तो रानात बेशुद्ध सापडतो आणि त्याची स्मृती गेलेली असते. या युक्तीवर टीकाकारांनी नाके मुरडली. पण तिचा उपयोग दुहेरी होता. पोलंडबाहेर ज्यांनी कादंबऱ्या वाचल्या नव्हत्या, अशा खेळाडूंना नायकाइतकेच अज्ञान घेऊन खेळ सुरू करता आला. शिवाय खेळाचा नायक आरंभी दुबळा असावा लागतो. पहिल्याच प्रसंगात तो सर्व विद्या जाणत असेल, तर पुढच्या पन्नास तासांत खेळाडूने मिळवायचे काय? स्मृतिभ्रंशाने गेराल्टच्या हातून तलवारीची कला काढून घेतली आणि ती परत मिळवण्याचे काम खेळाडूवर सोपवले.

लेखकाचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्याने हक्क एकरकमी मोबदल्यावर विकले. नफ्यातील वाटा नको, असे सांगितले. खेळ जगभर गाजल्यावर २०१८ मध्ये त्याने कंपनीकडे सहा कोटी झ्लॉटींची मागणी केली आणि २०१९ च्या डिसेंबरात उभयतांत नवा करार झाला. नायक कागदावर संपवला म्हणून तो संपत नाही, हे लेखकालाही असे उशिरा आणि महागात कळले. पुढे त्याने स्वतःच मागे वळून, गेराल्टच्या तारुण्यातील कादंबरी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. नायकाची गोष्ट पुढे नेता येत नसेल तर मागे न्यावी, हा लेखकांचा जुना मार्ग.

खेळाच्या मालिकेत दुसरा भाग २०११ मध्ये आणि तिसरा मे २०१५ मध्ये आला. तिसऱ्या भागाच्या पाच कोटींहून अधिक प्रती २०२३ पर्यंत विकल्या गेल्या. पुढे २०१६ च्या पुरवणी भागात गेराल्टला द्राक्षमळ्याची जहागीर मिळते. घर, पलंग, स्वयंपाकी, भिंतीवर टांगायला तलवारी. आयुष्यभर धर्मशाळांत आणि झाडाखाली झोपलेल्या या माणसाला हक्काचे छप्पर मिळालेले पाहून अनेक खेळाडूंचा गळा दाटून आला, असे म्हणतात. शेवटच्या दृश्यात तो क्षणभर पडद्याबाहेर, थेट खेळणाऱ्याकडे पाहतो. निरोप घेण्याची ही रीत फार सुरेख होती.

आता खरी अडचण. कादंबरीचा वाचक आणि खेळाचा खेळाडू यांत एक मूलभूत फरक आहे. कादंबरीचा शेवट सर्व वाचकांसाठी एकच असतो. तो आवडला नाही तर आपण लेखकाला दोष देऊन मोकळे होतो. तिसऱ्या 'विचर'चा शेवट मात्र प्रत्येकाच्या वागणुकीनुसार वेगळा होतो. त्यात सिरीसाठी तीन वाटा आहेत. ती आपल्या जन्मदात्याच्या गादीवर बसून निल्फगार्ड साम्राज्याची सम्राज्ञी होते. किंवा गेराल्टसारखीच तलवार घेऊन विचर म्हणून हिंडू लागते. किंवा जगावर येणारे हिमसंकट रोखायला जाते आणि परतच येत नाही. यातली कोणती वाट उघडेल, हे लढाईतील पराक्रमावर ठरत नाही. तिचा धीर सुटलेला असताना तुम्ही तिला काय म्हणालात, यावर ठरते. एका प्रसंगी ती खचून बसलेली असते. तुम्ही तिला दारूचा पेला पुढे करू शकता, किंवा बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकण्याचा खेळ खेळू शकता. खेळलात, तर तिचा आत्मविश्वास वाढतो आणि त्याची नोंद कुठे तरी होते. वडीलकीच्या नात्याने तिचे निर्णय तुम्हीच घेत राहिलात, तर अखेरीस ती हरवते. मुलांना वाढवण्याबद्दल एवढे शहाणपणाचे भाष्य एखाद्या खेळात सापडेल, अशी अपेक्षा हा लेखकही ठेवून नव्हता.

कोट्यवधी माणसांनी ही गोष्ट आपापल्या परीने संपवली. एकाची सिरी सम्राज्ञी आहे, दुसऱ्याची भटकी शिकारी, तिसऱ्याने तिला गमावले आहे. गेराल्टचेही तसेच. कुणाचा गेराल्ट येनेफरबरोबर राहतो, कुणाचा ट्रिसबरोबर, तर कुणी दोघींनाही शब्द देऊन फजिती ओढवून घेतल्याने एकटाच आहे. चौथा भाग काढायचा म्हणजे यांपैकी एक शेवट खरा ठरवणे आले. उरलेल्यांना, तुम्ही शे-दीडशे तास जे जगलात ते घडलेच नव्हते, असे सांगणे आले.

नवी मुंबईतील वाचकाला ही अडचण समजायला जड जाऊ नये. करंजाडे हे आधी गाव होते. सिडकोने त्याच नावाने वसाहत उभारली. शेतांच्या जागी सेक्टर आले, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन राहू लागली. जुन्या गावठाणातला रहिवासी आणि सेक्टरमधला नवा भाडेकरू दोघेही पत्ता सांगताना 'करंजाडे' असेच सांगतात. पण दोघांच्या मनातले करंजाडे एक नसते. मालिकेचे नाव असेच असते. ते पाटीवर कायम राहते आणि त्याखाली राहणारे बदलतात. जुन्याला वाटते आपले गाव गेले, नव्याला वाटते आपण आलो तेव्हाच ते सुरू झाले.

या पेचातून इतरांनी काढलेल्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. सर्वांत धाडसी वाट 'एल्डर स्क्रोल्स' या अमेरिकी मालिकेने काढली. तिच्या १९९६ मधील 'डॅगरफॉल' या भागाला अनेक परस्परविरोधी शेवट होते. एका अजस्र यंत्रदेवतेची किल्ली तुम्ही कोणत्या राजाच्या हाती देता, त्यावर सारे अवलंबून. पुढच्या भागांच्या लेखकांनी यातला एकही शेवट रद्द केला नाही. त्या काळात काळच फाटला आणि सगळे शेवट एकाच वेळी खरे झाले, असे त्यांनी त्या जगाच्या इतिहासात लिहून टाकले! त्या जगातील पंडित या चमत्कारावर ग्रंथ लिहितात आणि आपसांत भांडतात. आमच्या मते खेळाडूंचा मान राखण्याचा याहून विनोदी आणि याहून प्रामाणिक प्रयत्न झालेला नाही. मात्र ही युक्ती एकदाच चालते. प्रत्येक वेळी काळ फाटू लागला, तर त्याला शिवत बसण्यातच मालिका संपेल. म्हणून त्याच मालिकेने पुढे सोपा उपाय केला. २०११ मधील 'स्कायरिम' हा भाग आधीच्या भागानंतर दोनशे वर्षांनी घडतो. दोनशे वर्षांनी कुणाचा शेवट कुणाला आठवतो?

पळ काढण्याचा हा मार्ग 'मास इफेक्ट' या अंतराळातील मालिकेने आणखी पुढे नेला. २०१२ मधील तिसऱ्या भागाच्या शेवटावर खेळाडू इतके संतापले, की कंपनीला तो विस्तारून पुन्हा द्यावा लागला. मग २०१७ मधील पुढच्या भागात कथानक सरळ दुसऱ्या आकाशगंगेत आणि सुमारे सहाशे वर्षे पुढे नेले गेले. जुने प्रश्न सुटले, पण जुनी माणसे आणि जुनी माया हीही मागेच राहिली. तो भाग जोर धरू शकला नाही. 'ड्रॅगन एज' या मालिकेने २०१४ मध्ये खेळाडूंना आपले सर्व जुने निर्णय एका ठिकाणी नोंदवून पुढील भागात नेण्याची सोय दिली होती. २०२४ मध्ये आलेल्या भागाने त्यांतील जेमतेम तीन निर्णयांची दखल घेतली. दहा वर्षे हिशेब जपून ठेवलेल्या माणसाला, तुमची वही आता लागणार नाही, असे सांगितल्यावर त्याला काय वाटेल, ते वेगळे सांगायला नको.

जपानी लोकांनी हा प्रश्न मुळातच वेगळ्या रीतीने हाताळला. १९८६ पासून चाललेल्या 'झेल्डा' मालिकेत नायकाचे नाव बहुतेक वेळा लिंक असते, पण तो दर वेळी तोच मुलगा नसतो. वेगवेगळ्या युगांत, गरज पडेल तेव्हा, हिरवा अंगरखा घातलेला एक मुलगा जन्म घेतो. अवतारकल्पनेत वाढलेल्या आपल्या वाचकांना यात काही चमत्कारिक वाटू नये. २०११ मध्ये कंपनीने या सर्व युगांचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात १९९८ च्या भागानंतर काळाला तीन फाटे फुटतात आणि त्यातला एक फाटा, नायक हरला असता तर काय झाले असते, याचा आहे. खेळात हरणे ही रोजचीच गोष्ट असल्याने त्या हरण्यालाही इतिहासात जागा दिली, हे त्यांचे औदार्य.

ज्यांनी १९९० च्या दशकात कार्यालयातील किंवा संगणकवर्गातील यंत्रावर चोरून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असेल, त्यांच्यासाठी एक जोड. १९८९ च्या त्या खेळाचा नायक तुरुंगातून निघून साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचा. त्याच्या धावण्याची चित्रे काढण्यासाठी जॉर्डन मेकनर या निर्मात्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला लावून त्याचे चित्रण केले होते. जानेवारी २०२४ मध्ये या मालिकेचा नवा भाग आला. त्यात नायक राजपुत्र नाहीच. सार्गोन नावाचा एक योद्धा अपहृत राजपुत्राला सोडवायला जातो. समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली, विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी तो घडवणारा चमू पांगवण्यात आला. नायक बदलण्याचा जुगार चांगला खेळूनही हरता येतो, हे 'विचर'च्या निर्मात्यांना ठाऊक असणारच.

हे सारे वाचून हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आला, असे कुणाला वाटेल. तसे नाही. आठव्या शतकात विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीसमोर हाच पेच होता. 'महावीरचरित' या नाटकात त्याने रामाची गोष्ट राज्याभिषेकापर्यंत आणून सोडली होती. नायकाचे सर्व काम झाले होते. तरीही त्याने 'उत्तररामचरित' लिहिले आणि आज त्याची कीर्ती आहे ती मुख्यतः या दुसऱ्या नाटकामुळे. त्याने काय केले ते पाहावे. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत फिरतात. मागील भागात काय घडले याची उजळणी प्रेक्षकाला त्यातून मिळते आणि पुढच्या दुःखाची सावलीही तिथेच पडते. मग मध्ये तो बारा वर्षे जाऊ देतो. त्यानंतर रंगभूमीवर नवी पिढी येते. लव आणि लक्ष्मणपुत्र चंद्रकेतू एकमेकांसमोर शस्त्रे घेऊन उभे राहतात. उजळणी, काळाची उडी आणि पुढची पिढी ही आजच्या निर्मात्यांची तिन्ही हत्यारे येथे आहेत. आणि शेवट? रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने तो शेवट मान्य केला नाही. सातव्या अंकात वाल्मीकीलाच नाटकातल्या नाटकाचा कर्ता करून त्याने राम-सीतेची भेट घडवली. मूळ शेवट सर्वांच्या तोंडपाठ असताना वेगळा शेवट देण्याचे हे धैर्य त्याला पेलले, कारण प्रेक्षकाच्या मनात सलत असलेली जागा त्याने अचूक ओळखली होती.

मराठीत अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे घ्यावे. फुरसुंगीचा हा मुलगा पुस्तकांमागून पुस्तके शाळकरीच राहिला. २०१७ च्या चित्रपटात तो मोठा होऊन वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर दिसला आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेल्या भागवतांनाही त्या कथेत स्थान मिळाले. काही जुन्या वाचकांना तो मोठा झालेला रुचला नाही. पण त्याचे वाचक तरी कुठे शाळेत राहिले होते?

पुन्हा सिरीकडे वळू. तिला नायिका करण्यावर दोन आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात. पहिला असा, की विचर होण्यासाठी करावे लागणारे ते वनस्पतींचे प्रयोग केवळ मुलांवर होत, मुलींवर नव्हे. आणि निर्मात्यांच्या सांगण्यानुसार सिरी आता त्यातून गेलेली आहे. हा नियमभंग आहे, हे खरे. पण तो का आणि कोणत्या किमतीवर झाला, याचे उत्तर खेळाने दिले तर आक्षेप आपोआप गळून पडेल आणि न दिले तर कायम राहील. आज त्यावर निकाल देणे घाईचे होईल. यामागे केवळ बाई नायिका नको, एवढीच भावना असलेले आवाजही आहेत. त्यांची दखल येथे घेण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सिरी गेराल्टपेक्षा कितीतरी समर्थ झालेली असते. तिच्या रक्तातील प्राचीन शक्तीमुळे ती क्षणात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, किंबहुना एका जगातून दुसऱ्या जगात जाऊ शकते. अशा नायिकेला गावच्या वेशीवरचे भूत मारायला पाठवले, तर खेळात राम तो काय उरणार? म्हणजे तिच्या शक्ती काढून घ्याव्या लागणार किंवा बांधून ठेवाव्या लागणार. गेराल्टच्या वेळी स्मृतिभ्रंश कामी आला. आता दुसरे काही तरी सबळ कारण शोधावे लागेल. ते पटले नाही, तर तिसऱ्या भागात खेळाडूने तिला दिलेला आत्मविश्वास हिरावून घेतल्यासारखे होईल. बर्फाचे गोळे खेळून जे कमावले, ते चौथ्या भागाच्या पहिल्या तासात गमवावे लागले, तर कुणाला आवडेल?

हे मान्य करूनही आमच्या मते निवड योग्य आहे. सापकोव्स्कीच्या पाच कादंबऱ्या नीट पाहिल्या, तर त्यांच्या केंद्रस्थानी सिरीच आहे. शेवटच्या कादंबरीच्या शीर्षकातील 'सरोवराची स्वामिनी' तीच. गेराल्ट तिला शोधत हिंडतो, म्हणून तो आपल्याला अधिक दिसतो, इतकेच. नायक बदलला असे म्हणण्यापेक्षा खेळांची मालिका वळसा घेऊन ग्रंथाच्या मूळ नायिकेपाशी आली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. शिवाय पहिल्या चित्रफितीचा विषयही आशा वाढवणारा आहे. एका गावात रानातल्या राक्षसाला मुलगी बळी देण्याची प्रथा असते. सिरी राक्षसाला मारते आणि परत येऊन पाहते, तर वाचवलेल्या मुलीला गावकऱ्यांनीच ठार केलेले असते. एकचक्रा नगरीतील बकासुराची कथा ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हा शेवट हादरवून जाईल. तेथे भीमाने बकासुर मारला आणि गाव सुटले. येथे राक्षस मेला, पण गावाच्या मनातला राक्षस जिवंत राहिला. गेराल्टच्या गोष्टींची जातकुळी हीच होती.

राहिला प्रश्न ज्यांची सिरी सम्राज्ञी झाली त्यांचा. त्यांचे देणे कंपनीवर आहे. ते कसे फेडले जाते, यावर या भागाची खरी परीक्षा होईल. राजमुकुट नाकारून ती रस्त्यावर का आली, हे एका संवादात उरकले तर जुन्या खेळाडूंना ते अपमानास्पद वाटेल. तोच निर्णय तिच्या मनातला सल म्हणून कथेत झिरपला, तर त्यांचा शेवट रद्द होऊनही वाया जाणार नाही. भवभूतीने जे साधले, ते इथे साधते का, हे पाहायचे. कंपनीला चूक परवडणारी नाही. डिसेंबर २०२० मध्ये तिचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ इतक्या अपुऱ्या अवस्थेत बाजारात आला, की सोनीने तो काही महिने आपल्या दुकानातून काढून टाकला होता. पुढे दुरुस्त्या करून तिने पत सावरली, पण दुसऱ्यांदा तेवढी माफी मिळत नसते. चौथ्या 'विचर'वर चारशेहून अधिक माणसे काम करीत आहेत आणि २०२६ संपेपर्यंत तो येणार नाही, असे कंपनीने २०२५ मध्ये स्पष्ट केले.

चारशे माणसे आणि दहा वर्षांहून अधिक काळ हा थाट सर्वांना परवडत नाही. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेची 'राजी' आठवावी. डोंबाऱ्याच्या खेळात कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती असतो आणि गोष्ट सांगतात ती दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वाड्यांची बांधणी, पहाडी चित्रशैलीतील रंग आणि छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा यांमुळे हा खेळ वेगळा उठून दिसला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही संस्थेने तो २०२० मध्ये पुरा केला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. त्याच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप शेवटाबद्दल होता. भावाचा शोध जेथे पुरा व्हावा, तेथेच कथा अर्धवट तुटते, अशी तक्रार बहुतेकांनी केली. २०२५ मध्ये 'राजी : कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला.

येथे परिस्थिती पोलंडच्या नेमकी उलट आहे. तेथे नायकाची गोष्ट पूर्ण झाली, म्हणून पुढे काय हा प्रश्न पडला. येथे नायिकेची गोष्ट पूर्ण झालीच नाही आणि म्हणून पुढे जाणे भाग आहे. राजीचे खेळाडू पाच वर्षांहून अधिक काळ त्या तुटलेल्या शेवटावर ताटकळले आहेत. त्यांना नवे जग, नवे राक्षस हवे असतील. पण आधी हवा आहे तो भावाचा ठावठिकाणा. मोठ्या कंपनीचा एखादा भाग पडला तर दुसरा काढता येतो. छोट्या संस्थेला दुसरी संधी मिळणे हेच नवल, तिसरीची हमी कुणी देत नाही. त्यामुळे 'कलियुग'कडे पाहताना मराठी मुलखातील खेळाडूंच्या मनात कौतुकाइतकीच धाकधूकही आहे. आणि कोकणच्या वेताळ-मुंज्यांपासून साताऱ्याकडच्या म्हसोबापर्यंत एवढा ऐवज पडून असताना असा एखादा खेळ मराठीतून बोलताना कधी ऐकायला मिळेल, ही हुरहूर वेगळीच.

दरम्यान 'विचर'च्या चाहत्यांना एका बारकाव्याने गुंतवून ठेवले आहे. गेराल्ट नव्या भागात असेल, पण मुख्य भूमिकेत नसेल, असे त्याला आवाज देणारे डग कॉकल यांनी २०२४ मध्ये सांगितले होते. जून २०२५ मध्ये दाखवलेल्या तांत्रिक नमुन्यात सिरी उत्तरेकडील कोव्हिर या श्रीमंत राज्यातील बाजारपेठेतून घोडा घेऊन चालताना दिसली. तिसऱ्या भागात ज्यांनी गेराल्टची गाठ ट्रिसशी बांधली होती, त्यांना हे राज्य चांगले आठवते. त्यांच्या गोष्टीत ती दोघे संसार मांडायला कोव्हिरलाच गेली होती. ज्यांनी येनेफरची निवड केली, त्यांचा गेराल्ट दूर दक्षिणेकडे राहतो. तेव्हा कोव्हिरच्या एखाद्या गल्लीत सिरीने दार ठोठावले, तर आतून कोण बाहेर येईल, यावर आता पैजा लागत आहेत.